चॅप्टर सुट्टीवर, घर मोकळे

वाचकाचे पत्र :

“आम्ही वीस वर्षांहून अधिक काळ न्यू जर्सीत राहतो. धाकटा मुलगा पेनसिल्व्हेनियातील एका विद्यापीठात दुसरे वर्ष संपवून मे महिन्यात घरी आला आहे. तो एका फ्रॅटर्निटीचा सदस्य असून जानेवारीपासून त्याच्या चॅप्टरचा ‘रिस्क मॅनेजर’ आहे. जुलैमध्ये सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी आम्ही दोघे तीन आठवडे पुण्याला जाणार आहोत. त्या काळात एका शनिवारी आमच्या घरी, मागच्या अंगणात आणि स्विमिंग पूलपाशी, चॅप्टरमधल्या मित्रांना बोलवावे असे त्याच्या मनात आहे. चाळीसेक जण येतील, त्यांत एका सॉरॉरिटीच्या मुलीही असतील, असे तो म्हणतो. दारूचा विषय काढला की, ‘आई, हा चॅप्टरचा इव्हेंट नाही, घरगुती आहे, ते नियम इथे लागू नाहीत,’ हे त्याचे ठरलेले उत्तर. त्याच्या बाबांचे म्हणणे असे की, आम्ही तरी हॉस्टेलवर काय कमी उद्योग केले, मुलगा वीस वर्षांचा आहे, विश्वास टाकावा. नाही म्हटले, तर ही मुले पोकोनोजच्या डोंगराळ भागात एखादे लेक हाऊस भाड्याने घेतील, अशी मला भीती वाटते. परवानगी द्यावी का? दिली तर कोणत्या अटींवर?
— एक आई, एडिसन”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि कारणे मागाहून सांगते. तुम्ही दोघे पुण्यात असताना या कार्यक्रमासाठी घर देऊ नका. अटी घालूनही देऊ नका, कारण त्या पाळल्या जातात की नाही हे पाहायला घरात कोणी मोठे माणूस नसेल. मात्र नुसते ‘नाही’ म्हणून हा विषय मिटणार नाही. तुमच्या मुलाने चॅप्टरमध्ये जे पद घेतले आहे, त्या पदाच्या कामातूनच त्याला हे उत्तर समजावून दिले पाहिजे.

भारतातल्या वाचकांसाठी थोडे सांगते. फ्रॅटर्निटी ही मुलांची आणि सॉरॉरिटी ही मुलींची, ग्रीक अक्षरांच्या नावाने चालणारी संघटना असते. तिच्या एकेका विद्यापीठातील शाखेला चॅप्टर म्हणतात. तिला वर्गणी असते, बहुधा स्वतःचे घर असते आणि वर एक राष्ट्रीय मुख्यालय असते. 1990च्या दशकात दक्षिण आशियाई मुलामुलींनीही अशा संघटना काढल्या, त्यामुळे आपल्या घरांतली मुले या जगापासून आता फारशी दूर राहिलेली नाहीत. रिस्क मॅनेजर म्हणजे चॅप्टरच्या कार्यक्रमांत कोणाला इजा होऊ नये, याची जबाबदारी ज्या विद्यार्थ्यावर असते तो. हे पद मिरवण्याचे नाही. मित्रांना नको असलेली गोष्ट सांगण्याचेच ते काम आहे, आणि विसाव्या वर्षी ते करणाऱ्या मुलांबद्दल मला खरोखर आदर वाटतो.

सत्र सुरू असताना हे काम करायला त्याच्या पाठीशी बरीच माणसे असतात. कार्यक्रमाची आगाऊ नोंदणी विद्यापीठाच्या संबंधित कार्यालयात करावी लागते. पाहुण्यांची यादी आधी द्यावी लागते, दारावर एकच प्रवेश ठेवून ओळखपत्र तपासावे लागते, एकवीस वर्षांवरील पाहुण्यांच्या मनगटाला रिस्टबँड बांधावा लागतो आणि त्या रात्री अजिबात न पिणारे काही सदस्य ‘सोबर मॉनिटर’ म्हणून नेमावे लागतात. चॅप्टरच्या पैशातून दारू आणायची नाही, केग (बिअरचे पिंप) किंवा मोठे सामायिक भांडे ठेवायचे नाही, पिण्याचे खेळ खेळायचे नाहीत, हेही बहुतेक राष्ट्रीय धोरणांत लिहिलेले असते. फ्रॅटर्निटींच्या शिखर संस्थेने 2018 साली याच्या पुढे जाऊन ठराव केला की, 15 टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेली पेये चॅप्टरच्या घरांत आणि कार्यक्रमांत ठेवायची नाहीत, परवानाधारक विक्रेता ती विकत असेल तेवढाच अपवाद. सदस्य संघटनांना त्यासाठी सप्टेंबर 2019 पर्यंतची मुदत होती. हे नियम सगळीकडे काटेकोर पाळले जातात असा माझा भ्रम नाही. पण मोडायला तरी नियम असतो, तपासायला कोणी येण्याची शक्यता असते, आणि रात्री उशिरा परतायला विद्यापीठाची बस किंवा चालण्याइतके अंतर असते.

मे ते ऑगस्ट या काळात यांतले जवळजवळ काहीच उरत नाही. कार्यालयात नोंदणी घेणारे नसतात, चॅप्टरचे सल्लागार आपापल्या कामांत असतात, निम्मे पदाधिकारी इंटर्नशिपसाठी दुसऱ्या राज्यांत गेलेले असतात. जबाबदारी मात्र तेवढीच राहते. तुमच्या मुलाचा युक्तिवाद नेमका इथे चुकतो. राष्ट्रीय संघटनांच्या जोखीम धोरणांत साधारणपणे असे कलम असते की, त्रयस्थ पाहणाऱ्याला जो कार्यक्रम चॅप्टरचा वाटेल, तो चॅप्टरचाच धरला जाईल. निमंत्रण चॅप्टरच्या ग्रुपवरून गेले आहे, येणारे बहुतेक सगळे ‘ब्रदर’, म्हणजे फ्रॅटर्निटीचे सदस्य आहेत, एक सॉरॉरिटी गट म्हणून बोलावली आहे आणि यजमान खुद्द रिस्क मॅनेजर आहे, असा कार्यक्रम कोणत्याही पाहणाऱ्याला दुसरे काय वाटणार? 2016च्या मे महिन्यात ओरेगन विद्यापीठाचे विद्यार्थी कॅलिफोर्नियातील शास्ता जलाशयावर सहलीला गेले आणि तिथल्या बेटावर तंबू, कूलर आणि बाटल्यांचा खच टाकून परतले. ती सहल विद्यापीठाची नव्हती, कॅम्पसपासून फार लांब होती, तरीही टाकलेल्या सामानावरच्या खुणांवरून चौकशी विद्यापीठापर्यंत आणि पुढे फ्रॅटर्निटीच्या चॅप्टरपर्यंत गेलीच.

आता तुमच्या राज्याचा कायदा पाहा. पिण्याचे किमान वय अमेरिकेत सर्वत्र एकवीस आहे, ते 1984च्या संघीय कायद्यामुळे. न्यू जर्सीत आईवडिलांनी स्वतःच्या मुलाला स्वतःच्या घरी पेय दिले तर अपवाद आहे, परंतु तो अपवाद दुसऱ्यांच्या मुलांना लागू नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, एकवीस वर्षांखालील मुलांनी तिथे प्यावे या हेतूने आपली मालमत्ता उपलब्ध करून देणे, किंवा त्या हेतूने ती दुसऱ्याच्या ताब्यात सोडून जाणे, हा त्या राज्यात गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद व एक हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. तुम्ही किल्ली मुलाच्या हाती देऊन विमानात बसणार आहात, आणि काय होणार आहे हे तुम्हाला ठाऊक आहे असे तुम्ही मला लिहिलेलेच आहे. तुमचा हेतू तो नव्हता हे सिद्ध करता येईलही, पण त्या प्रश्नाचे उत्तर पुण्याहून देण्याची वेळ कशाला येऊ द्यायची?

याखेरीज दिवाणी जबाबदारी वेगळी. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली ‘केली विरुद्ध ग्विनेल’ या खटल्यात असा निर्णय दिला की, पाहुण्याला चढलेली स्पष्ट दिसत असताना आणि तो गाडी चालवणार हे ठाऊक असताना यजमान त्याला आणखी पाजत राहिला, तर रस्त्यावर जखमी झालेल्या तिसऱ्या माणसाची भरपाई त्या यजमानाकडून मागता येते. तो पाहुणा एखाद्या बारमध्ये नव्हे, एका घरी बसून प्यायला होता. आपल्या लोकांच्या शनिवारच्या गेट-टुगेदरमध्ये ‘एक शेवटचा घ्या हो’ म्हणणाऱ्या सगळ्यांनीच हा निर्णय ऐकून ठेवायला हवा, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

विम्याबद्दल मुलांचा गैरसमज फार मोठा असतो. वर्गणीतून काही रक्कम दायित्व विम्याला जाते, म्हणून आपण सुरक्षित आहोत असे त्यांना वाटते. वास्तवात ते संरक्षण धोरण पाळण्याच्या अटीवर असते. अल्पवयीनांना, म्हणजे एकवीस वर्षांखालच्यांना, दारू मिळाली किंवा सामायिक भांड्यातून पेय वाटले गेले, की ते त्या सदस्याला नाकारले जाऊ शकते, आणि मग दावा त्याच्या आईवडिलांच्या घराच्या विम्यावर येऊन धडकतो. तुमच्या एजंटला आजच ईमेल करून विचारा : आम्ही परदेशी असताना मुलाने घरी पार्टी केली आणि कोणाला इजा झाली, तर होमओनर्स पॉलिसी आणि असल्यास अंब्रेला पॉलिसी (त्यावरचा जादा दायित्व विमा) कुठपर्यंत जबाबदारी घेते? लेखी उत्तर येईल ते मुलाला वाचायला द्या. माझ्या या सबंध उत्तरापेक्षा त्या एका ईमेलचा परिणाम अधिक होईल.

त्याच्या बाबांना मला एवढेच सांगायचे आहे की, हॉस्टेलचे ‘उद्योग’ आणि हे यांची तुलना होत नाही. एक बाटली दहा जणांत पुरवून प्यायची, हा त्या वेळचा अर्थसंकल्प होता. इथे लाल प्लॅस्टिकच्या कपात फळांच्या रसात मिसळलेली व्होडका असते आणि त्या कपात किती पेये आहेत, हे पिणाऱ्याला कळत नाही. अमेरिकेत एक प्रमाणित पेय म्हणजे 14 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. 355 मिलिलिटर साध्या बिअरमध्ये जेवढे असते, तेवढेच 44 मिलिलिटर व्होडकात असते. शरीर साधारण तासाला एक पेय पचवते, त्या वेगात कॉफीने किंवा थंड पाण्याने फरक पडत नाही. शिवाय पिणे थांबल्यावरही काही काळ रक्तातले प्रमाण चढतच राहते, म्हणून ‘झोपू द्या, उतरेल’ हे वाक्य सर्वांत घातक आहे.

पेनसिल्व्हेनियात हे सारे शिकवणारी घटना घडलेली आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये पेन स्टेट विद्यापीठातील एका फ्रॅटर्निटीच्या घरात नवा सदस्य म्हणून आलेला एकोणीस वर्षांचा विद्यार्थी भरपूर दारू पाजल्यानंतर तळघराच्या जिन्यावरून पडला. घरात माणसे होती, तो बेशुद्ध पडलेला सगळ्यांना दिसत होता, तरीही जवळजवळ बारा तास कोणी 911 या आपत्कालीन क्रमांकाला फोन केला नाही, आणि तो वाचला नाही. ते घर नियमाप्रमाणे दारूमुक्त होते, हे विशेष लक्षात घ्या. त्याच्या नावाने 2018 साली राज्यात रॅगिंगविरोधी कायदा झाला. त्यात मदतीसाठी फोन करून रुग्णाजवळ थांबणाऱ्याला संरक्षण आहे, आणि अल्पवयीन मद्यपानाच्या बाबतीत असेच संरक्षण न्यू जर्सीतही आहे. आपण अडकू या भीतीने फोन टळतो, म्हणून हे संरक्षण दिलेले आहे, हे मुलाला आणि त्याच्या प्रत्येक मित्राला माहीत असले पाहिजे. हाक मारून, हलवून जाग येत नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास आहेत किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडते, ओठ निळसर झाले आहेत, अंग गार पडले आहे, शुद्ध नसताना उलटी होते आहे, यांतले एक जरी दिसले तरी 911ला फोन करायचा, माणसाला कुशीवर वळवायचे आणि क्षणभरही एकटे सोडायचे नाही. आधी ग्रुपवर विचारून, मग अध्यक्षाला कळवून, मग ठरवू, असे करण्यात वेळ घालवायचा नाही.

मुली येणार आहेत हे तुम्ही सहज लिहून गेलात, परंतु मला त्याबद्दल थोडे थांबून बोलायचे आहे. राष्ट्रीय पॅनहेलेनिक परिषद या शिखर संस्थेतील सॉरॉरिटींच्या घरांत दारू चालत नाही, हा त्यांचा जुना नियम. त्याचा परिणाम असा झाला की, दारू असलेले कार्यक्रम मुलांच्या घरी होतात आणि दार कोणाला उघडायचे, पेय कोणी ओतायचे, वरच्या खोल्या उघड्या ठेवायच्या की बंद, हे सारे मुलेच ठरवतात. कॅम्पसवर मुलगी निदान मैत्रिणीबरोबर पायी परत जाऊ शकते. एडिसनसारख्या उपनगरात रात्री एक वाजता, फोनची बॅटरी संपलेली आणि ओळखीचे कोणी शुद्धीत नसलेले, अशा अवस्थेत तिने कुठे जायचे? शुद्ध नसलेल्या व्यक्तीची संमती ही संमती नसते, हे मुलांना विद्यापीठात शिकवले जाते. पण यजमानाने करायचे काम त्याच्या आधीच सुरू होते : वरच्या मजल्याला कुलूप, पेये बंद बाटलीत किंवा कॅनमध्येच, आणि प्रत्येक मुलीची परतीची सोय ती यायच्या आधी ठरलेली. मुलींनीही आपल्यातल्या दोघी-तिघी न पिणाऱ्या ठेवाव्यात हे खरे, पण म्हणून यजमानाची जबाबदारी कमी होत नाही.

आणखी एक शक्यता मुलाला विचारा. शरद सत्रात याच विद्यापीठात येणारी आसपासची नवी मुलेही त्या दिवशी येणार आहेत का? उन्हाळ्यातल्या अशा मेळाव्याचे नकळत ‘रश’ होते, म्हणजे नव्या सदस्यांची पारख सुरू होते. त्यांत सतरा-अठरा वर्षांची मुले असतात, ज्यांना नाही म्हणायची हिंमत सर्वांत कमी असते. भरतीच्या कार्यक्रमांत दारू नसावी हा फ्रॅटर्निटी आणि सॉरॉरिटी दोघांचाही नियम आहे. बोलावणाऱ्यांत कोणी भारतातून एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आलेले मित्र असतील, तर त्यांच्या दृष्टीने धोका आणखी वेगळा आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, तरी व्हिसा रद्द होऊ शकतो.

आता पर्यायाविषयी. तुम्ही परतल्यावर ऑगस्टमधला एखादा शनिवार मुलाला द्या, दुपारी बारा ते सहा, तुम्ही दोघे घरात असताना. पंचवीस जण पुरेत. नावे आधी लिहून घ्या आणि यादीबाहेरच्याला दारातूनच परत पाठवा. दारू नको. माझे मत या बाबतीत ठाम आहे, कारण वीस वर्षांच्या मुलांच्या मेळाव्यात एकवीस झालेले कोण आणि न झालेले कोण हे अंगणात उभे राहून तपासणे तुम्हाला जमणार नाही. चॅप्टरला दारूसह कार्यक्रम हवाच असेल, तर तो परवाना आणि विमा असलेल्या रेस्टॉरंटमध्ये व्हावा, जिथे विक्रेता ओळखपत्र पाहतो, पेये एकेक करून विकतो आणि चढलेल्याला देणे बंद करतो. तसेच त्याला राष्ट्रीय मुख्यालयाची आगाऊ परवानगी घ्यावी. ती मिळवण्याची पद्धत रिस्क मॅनेजरला माहीत असायला हवी.

दारू नसलेल्या कार्यक्रमातही पूल आणि डेक (घराला जोडलेला लाकडी चौथरा) यांची काळजी घ्यावी लागतेच. पूलमध्ये पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी एकाच ठरलेल्या माणसाची असू द्या, शक्यतो जीवरक्षकाचे प्रशिक्षण घेतलेल्याची. उथळ बाजूला सूर मारायला बंदी ठेवा आणि अंधार पडण्याआधी फाटकाला कुलूप लावा. डेककडे पालकांचे लक्ष क्वचित जाते. जून 2003 मध्ये शिकागोत एका पार्टीत तिमजली इमारतीच्या मागचे लाकडी पोर्च कोसळून 13 तरुण माणसे गेली. जून 2015 मध्ये बर्कलीत वाढदिवसाच्या पार्टीत बाल्कनी तुटली आणि सहा विद्यार्थी मरण पावले, तिचे लाकूड आतून कुजलेले होते. तुमचे डेक जुने असेल, तर ते कोणा जाणकाराकडून तपासून घ्या, आणि तोवर त्यावर दहाजणांहून अधिक उभे राहू देऊ नका.

लेक हाऊसच्या धमकीने तुमचा निर्णय बदलू नये. एअरबीएनबीने 2020 साली भाड्याच्या घरांतील पार्ट्यांवर बंदी घातली आणि 2022 साली ती कायमची केली. करार ज्याच्या नावावर, त्याच्यावर नुकसानीचा बोजा येतो, आणि तो कोणाच्या नावावर असेल हे मुलाला आधी विचारा. बोट घेणार असतील, तर एक गोष्ट आवर्जून सांगा : इंजिन किंवा जनरेटर सुरू असताना बोटीच्या मागच्या फळीवर बसायचे नाही आणि तिच्याजवळ पोहायचेही नाही, कारण तिथे कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. वीस वर्षांच्या मुलाला तुम्ही बांधून ठेवू शकत नाही, पण तुमच्या छताखाली नाही म्हणण्याचा अधिकार तुमचा आहे. तिकडे गेलाच, तर रात्री कधीही, कुठूनही फोन केलास तरी आम्ही न्यायला येऊ किंवा गाडीचे पैसे भरू, आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही, हेही त्याच वेळी सांगा.

राहिले ते तीन आठवडे, ज्यांत तो घरात एकटा असेल. पार्टी न ठरवताही होते. चार मित्र येतात, कोणीतरी स्नॅपचॅटवर घराचा पत्ता टाकतो आणि अकरा वाजता दारात साठ जण उभे असतात. शेजाऱ्यांपैकी एकाला तुमच्या गैरहजेरीची कल्पना देऊन त्यांचा नंबर मुलाकडे ठेवा, घरातल्या बाटल्या कुलपात ठेवा किंवा कोणाकडे देऊन टाका. गर्दी आवरेनाशी झाली, तर पोलिसांच्या बिनतातडीच्या क्रमांकावर त्याने स्वतः फोन करावा, आणि तो केल्याबद्दल घरी त्याला बोलणी बसणार नाहीत, हे निघण्याआधी त्याला तुमच्या दोघांच्या तोंडून, आणि मुख्यतः त्याच्या बाबांच्या तोंडून, ऐकायला मिळू द्या.